केळ्यावरच्या चिलटांच्या अळ्या मोजून न्युसलाइन-फोलहार्ट बाईंचं काम कसं समजून घ्यायचं

क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ट हे नाव बायोलॉजीच्या नोट्समध्ये आलंच तर एका ओळीत येतं. १९९५ चं नोबेल, एरिक वीशाउस आणि एडवर्ड लुइस यांच्याबरोबर, गर्भाच्या सुरुवातीच्या वाढीवर कंट्रोल ठेवणारी जनुकं, संपला विषय. ती ओळ शंभरदा वाचली तरी बाईंनी नेमकं केलं काय ते कळत नाही, कारण ते काम मुळात बघण्याचं आहे आणि बघायला लागणारी वस्तू आपल्या ओट्यावर फुकट घोंघावत असते. म्हणून हे गाईड. शाळेतले सायन्सचे सर-मॅडम, अकरावी-बारावीची पोरं, बीएस्सीवाले, आणि मुलांच्या प्रोजेक्टमध्ये ओढले गेलेले आईबाबा, सगळ्यांना जमेल. एक साधा मायक्रोस्कोप लागेल, कॉलेजातला उधार मिळाला तर उत्तम, नाहीतर कागदी फोल्डस्कोप येतो १४० पट मोठं दाखवणारा, त्याच्यावरही भागतं.

आधी एक गोंधळ मिटवून टाकू. शेतकरी ज्याला फळमाशी म्हणतात, जी आंब्यात पेरूत अळ्या करते आणि जिच्यासाठी बागेत सापळे टांगतात, ती बॅक्ट्रोसेरा. ती आपल्याला नकोय. आपल्याला हवीत ती पिकलेल्या केळ्यावर बसणारी लाल डोळ्यांची दोन-तीन मिलिमीटरची चिलटं, म्हणजे ड्रोसोफिला, पुढे माशी म्हटलं की हीच. घरात सापडतील ती मेलानोगास्टर असतील किंवा तिची बहीण अननासी असेल, आपल्याकडे दोन्ही भरपूर आहेत, आणि आपल्या कामाला फरक पडत नाही.

पकडायचं असं. जॅमची रिकामी बाटली घ्या, तळाला जास्त पिकलेल्या केळ्याचा तुकडा टाका, तोंडावर कागदाचा नरसाळ्यासारखा कोन बसवा, खालचं भोक साधारण पेन्सिलीच्या टोकाएवढं. कचऱ्याच्या डब्याजवळ किंवा फळांच्या टोपलीशेजारी ठेवून द्या. पावसाळ्यात एका दिवसात पंधरा-वीस चिलटं आत जातात, ऐन उन्हाळ्यात कंटाळा येईपर्यंत वाट बघावी लागते. आत गेलेली सहसा बाहेर येत नाहीत कारण ती कडेकडेने वर चढत राहतात आणि मधलं भोक त्यांना सापडत नाही.

केळ्यावर ती वाढतात पण केळं पाणी सोडतं, बुरशी येते, अळ्या बुडून मरतात, म्हणून जेवण शिजवलेलं बरं. आपल्याकडच्या बऱ्याच लॅबमध्ये रवा-गूळ चालतो आणि ते प्रमाण घरी सहज जमतं: पाव लिटर पाण्यात २५ ग्रॅम गूळ, २५ ग्रॅम रवा आणि अडीच ग्रॅम चायना ग्रास, नीट हलवत शिजवायचं, गुठळ्या होऊ द्यायच्या नाहीत, मग गॅस बंद करून जरा कोमट झालं की एक छोटा चमचा व्हिनेगर टाकायचं बुरशीसाठी (लॅबमध्ये प्रोपिऑनिक ॲसिड वापरतात, घरी त्याच्या नादी लागू नका). स्वच्छ बाटल्यांत दोन बोटं थर ओता, पूर्ण गार होऊ द्या, बाजूंवरचं पाणी टिपून घ्या, वर चिमूटभर बेकरीवालं ड्राय यीस्ट भुरभुरा. यीस्ट विसरू नका, अळ्या खरं तर तेच खातात. तोंडाला मलमलच्या कापडात गुंडाळलेला कापसाचा बोळा लावायचा. मग केळ्याच्या बाटलीतली चिलटं टिचकी मारून तळाला पाडायची आणि पटकन नव्या बाटलीत उलटी करायची, दोन-चार उडून जातील, जाऊ द्या.

टेंपरेचर मात्र सांभाळा. २५ अंशांना अंड्यापासून माशी व्हायला १० दिवस लागतात, १८ अंशांना जवळजवळ दुप्पट, आणि ३० च्या वर गेलं की नर नापीक व्हायला लागतात. नागपूर-जळगावकडे एप्रिल-मेमध्ये हा उद्योग करूच नका, पुण्या-नाशिककडे करायचाच असेल तर बाटल्या माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवा. सगळ्यात सोपा सीझन जुलै ते फेब्रुवारी.

आता थांबायचे दिवस आहेत, तोवर बाईंचं बघू.

जन्म २० ऑक्टोबर १९४२, माग्डेबुर्ग, म्हणजे भर युद्धात. वाढल्या फ्रँकफुर्टमध्ये, वडील आर्किटेक्ट, पाच भावंडांत दुसरा नंबर. बारा वर्षांच्या असतानाच बायोलॉजिस्ट व्हायचं ठरलं होतं. मधे डॉक्टर व्हावं का म्हणून एका हॉस्पिटलात महिनाभर नर्सचं काम करून बघितलं आणि ते आपलं नाही हे कळलं. मला हा भाग फार आवडतो, आपल्याकडे नीटच्या रांगेत उभं राहण्याआधी कोणी महिनाभर वॉर्डात काम करून बघत नाही. मग फ्रँकफुर्टला बायोलॉजी, ट्युबिंगेनला बायोकेमिस्ट्री, १९७३ ला पीएचडी, ती सुद्धा बॅक्टेरियाच्या आरएनए पॉलिमरेजवर, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमवर. गर्भाशी काही संबंध नाही. तिशी ओलांडल्यावर त्यांनी विषय बदलला आणि १९७५ ला बाझेलला वाल्टर गेरिंग यांच्या लॅबमध्ये माशी शिकायला गेल्या, तिथे एरिक वीशाउस भेटले. नंतर थोडा काळ फ्रायबुर्ग, क्लाउस झांडर यांच्याकडे, जिथे किड्यांच्या गर्भावर जुनं चांगलं काम चालू होतं आणि अळीची नुसती कातडी पारदर्शक करून मायक्रोस्कोपखाली बघायची पद्धत तयार झाली. ही पद्धत लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

१९७८ ला हायडेलबर्गच्या युरोपियन मॉलिक्युलर बायोलॉजी लॅबोरेटरीत बाई आणि वीशाउस दोघांना मिळून एक छोटी लॅब मिळाली. प्रश्न त्यांनी भलताच मोठा घेतला: एका अंड्यातून डोकं पुढे, शेपूट मागे, मधे खंड (शरीराचे एकामागोमाग एक सारखे भाग) अशी रचना कुठली जनुकं करतात ती *सगळी* शोधायची. त्या काळी लोक एखादा म्युटंट (जनुक बिघडलेला जीव) योगायोगाने सापडला की त्याच्यावर आयुष्य काढायचे. यांनी उलटं केलं, आधी सगळं मोडायचं आणि काय काय मोडतं ते बघायचं. घराच्या मेन बोर्डावरचा एकेक फ्यूज काढायचा आणि कुठला दिवा विझतो ते वहीत लिहायचं, तसं.

कसं मोडलं ते नीट वाचा कारण परीक्षेत हेच कोणी समजावून सांगत नाही. नर माश्यांना साखरपाण्यातून ईएमएस नावाचं केमिकल पाजलं, ते डीएनएत ठिकठिकाणी बदल करतं (कॅन्सरकारक आहे, घरी किंवा शाळेत विचारही करू नका). त्या नरांचे मादीशी संकर केले, त्यांच्या पोरांपैकी प्रत्येकापासून वेगळी ओळ, म्हणजे वेगळा वंश, सुरू केली, आणि बॅलन्सर नावाच्या खास क्रोमोसोमचा वापर करून बिघडलेली प्रत तशीच्या तशी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. एका प्रतीने माशी ठीक असते. पण अशा दोन माश्या, नर-मादी, एकत्र आल्या की त्यांच्या अंड्यांतल्या चारातल्या एकात दोन्ही प्रती बिघडलेल्या येतात आणि तो गर्भ अंड्यातच मरतो. बाकी जग जिवंत अळ्या बघत होतं, या दोघांनी न उबलेली मेलेली अंडी उचलली, कातडी साफ केली, आणि मेला तो कसा दिसतो ते बघितलं. साधारण २७ हजार ओळी. दोन बाजूंनी दोघांना एकाच वेळी बघता येईल असा दुतोंडी मायक्रोस्कोप, समोरासमोर बसायचं, एकच अळी दोघांनी बघायची आणि हा पॅटर्न कुठला यावर तिथल्या तिथे वाद घालायचा. मोठी मशीन नाही, सिक्वेन्सिंग नाही, शेवटी हातात सुमारे १२० जनुकं.

बरं, आता तुमच्या बाटलीत हालचाल दिसत असेल. काचेवर पांढऱ्या अळ्या चढायला लागल्या म्हणजे त्या तिसऱ्या अवस्थेतल्या, कोश करायला निघालेल्या. त्या मोठ्या असतात, भिंगातून सुद्धा खंड दिसतात. पण बाईंनी बघितली ती अंड्यातून नुकतीच निघालेली किंवा निघायच्या बेतातली अळी, एक मिलिमीटरहून लहान, तर आपणही दोन्ही बघू.

अंडी गोळा करायला काळ्या द्राक्षांचा रस (नसेल तर जांभळाचा, गडद रंग महत्त्वाचा कारण अंडी पांढरी असतात) चायना ग्रासमध्ये शिजवून बाटलीच्या झाकणांत ओता. थिजलं की मधे यीस्टची ओली पेस्ट टोचणीच्या टोकाएवढी लावा. जेवण नसलेल्या स्वच्छ बाटलीत भरपूर माश्या घेऊन ती या झाकणावर उलटी ठेवा, हवेसाठी बाटलीच्या बुडाला भोकं पाडून जाळी लावलेली प्लॅस्टिकची बाटली सोयीची पडते. संध्याकाळी ठेवा आणि अंधार करा, सकाळी यीस्टच्या आजूबाजूला अर्ध्या मिलिमीटरची पांढरी अंडी दिसतील. भिंगातून बघा, प्रत्येक अंड्याच्या एका टोकाजवळ दोन बारीक शिंगं दिसतात. ते डोक्याकडचं टोक.

इथे थांबून जरा विचार करा, कारण बाईंचं दुसरं मोठं काम याच टोकावर आहे. अंडं घालायच्या आधीच आई त्या टोकाला बायकॉइड नावाच्या जनुकाचा एमआरएनए (प्रोटीन बनवायची नक्कल) ठेवून देते. त्याच्यापासून होणारं प्रोटीन पुढे दाट आणि मागे जाताना विरळ होत जातं, आणि गर्भातली केंद्रकं त्या दाटपणावरून ठरवतात की आपण डोकं व्हायचं की छाती. सुरुवातीच्या तीनेक तासांत माशीच्या गर्भात पेशींच्या भिंतीच नसतात, एकाच पिशवीत केंद्रकं तेरा वेळा विभागून साधारण ६ हजार होतात, म्हणून प्रोटीन असं पसरू शकतं. आईत बायकॉइड बिघडलेलं असेल तर पोराला डोकं आणि छाती येतच नाही, आणि पोराची स्वतःची प्रत चांगली असली तरी उपयोग नाही. १९८८ ला बाईंनी आणि वोल्फगांग ड्रीव्हर यांनी हा उतार मोजून दाखवला. असा काहीतरी उतार असणार असं लोक कित्येक दशकं म्हणत होते, पण ठोस पदार्थ हातात आला तो तेव्हा.

अंडी घातल्यापासून साधारण एक दिवसात उबतात. मऊ ब्रशने (झिरो नंबरचा, ओला करून) छोट्या अळ्या उचला. गरम पाण्यात, उकळत्या नाही, पाच-दहा सेकंद टाकल्या की सरळ होऊन मरतात. काचपट्टीवर ग्लिसरीन आणि पाणी निम्मं निम्मं याचा थेंब, त्यात अळी, वर कव्हरस्लिप, हलकेच दाबा. आधी तोंडाचे काळे आकडे शोधा म्हणजे पुढचा भाग कळेल. मग अळी पोटाकडून वर येईल अशी फिरवा, कव्हरस्लिप जराशी सरकवली की अळी लोळते. आणि उजेड कमी करा! नवशिक्यांचं सगळ्यात जास्त इथेच फसतं, फुल लाइट मारला की अळी नुसती पांढरी चकचकीत दिसते. कंडेन्सरखाली (स्टेजखालचं उजेड गोळा करणारं भिंग) मधोमध काळ्या कागदाची छोटी चकती चिकटवली तर पार्श्वभूमी काळी होते आणि दातेरी केस चमकायला लागतात, त्या काळच्या पेपरांतले फोटो असेच आहेत.

आता मोजा. पोटाच्या बाजूला आडवे दातेरी पट्टे दिसतील, अळी त्यांच्यावर पकड घेऊन सरकते. पहिले तीन बारीक आणि फिकट, ते छातीचे. नंतरचे आठ जाड, अनेक ओळींचे, दात ठळक, ते पोटाचे. तीन अधिक आठ, अकरा. छातीचे सुरुवातीला दिसतच नाहीत, फोकस अगदी थोडा थोडा फिरवत राहा. दोन पट्ट्यांच्या मधला भाग गुळगुळीत, बिनकेसांचा. म्हणजे प्रत्येक खंडाला पुढचा केसाळ अर्धा आणि मागचा टकला अर्धा. दहा-बारा अळ्यांचं चित्र हाताने काढा, फोटो नको. हाताने काढल्याशिवाय डोळा तयार होत नाही, आणि बाई कशात इतक्या पक्क्या होत्या ते कळतही नाही. कॉलेजची लॅब असेल तर सरांना विचारून लॅक्टिक ॲसिड आणि हॉयर्स मिडियमची पद्धत करता येईल, रात्रभर ६० अंशांच्या आसपास ठेवलं की आतलं सगळं विरघळून फक्त कातडी उरते. पण हॉयर्समध्ये विषारी क्लोरल हायड्रेट असतं, म्हणून ते लॅबमध्येच, घरी नाही. अंड्याचं बाहेरचं कवच काढायला लॅबमध्ये पातळ केलेलं ब्लीच वापरतात, तेही तिथेच करा, आणि ब्लीचच्या जवळपास व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर येऊ देऊ नका, विषारी गॅस होतो.

नॉर्मल अळी डोळ्यात बसली की मग म्युटंट. ते आपल्याकडे नाहीत, तर कागदावर करू, वर्गात हा खेळ मस्त होतो. कागदाची लांब पट्टी घ्या, तिच्यावर अकरा खंड, प्रत्येकात पुढे रेघा आणि मागे कोरं. अशा बऱ्याच पट्ट्या झेरॉक्स करा. एकाने नियम ठरवून पट्टी कापायची-चिकटवायची, दुसऱ्याने नियम ओळखायचा. नियम तीन प्रकारचे, हे १९८० च्या ३० ऑक्टोबरच्या नेचरमधल्या पेपरातून आलेत, १५ जनुकांची नावं होती त्यात.

पहिला, सलग तुकडाच गायब. क्रुपेलमध्ये छातीचे तिन्ही आणि पोटाचे पहिले पाच खंड उडतात, एवढी पट्टी कापून टाका आणि उरलेलं जोडा. क्नर्प्स आणि हंचबॅक याच गटातले. दुसरा, एक सोडून एक गायब, म्हणजे अळी निम्मी. इव्हन-स्किप्ड, ऑड-स्किप्ड, पेअर्ड, रंट. पोरं हा लगेच ओळखतात. तिसरा खरा अवघड: खंडांची संख्या तीच, पण प्रत्येक खंडाचा टकला अर्धा जाऊन त्याच्या जागी केसाळ अर्ध्याची आरशातली प्रतिमा आलेली, त्यामुळे अळी सगळीकडे केसच केस. हेजहॉग हे नाव त्यावरूनच. विंगलेस, पॅच्ड, गूजबेरी याच गटात. पट्ट्या नीट करून बघितल्या की लक्षात येतं की क्रम कसा असणार, आधी मोठे भाग ठरतात, मग दोन-दोनच्या जोड्या, मग प्रत्येक खंडाच्या आतलं पुढे-मागे. मेलेल्या अळ्यांचे पट्टे बघून त्यांनी हे तीन गट पाडले, यातलं एकही जनुक तेव्हा वेगळं काढून हातात आलेलं नव्हतं, याचं मला अजून नवल वाटतं.

विंगलेसबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. हा म्युटंट आधीच सापडला होता आणि तो दिल्लीत, इंडियन ॲग्रिकल्चरल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये आर. पी. शर्मांना, १९७३ ला छापून आला, पंख नसलेली माशी म्हणून. पुढे कळलं की उंदरातल्या स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेलं इंट-१ हे त्याचंच भावंड, आणि दोन्ही नावं जोडून डब्ल्यूएनटी हा शब्द आला जो आज प्रत्येक कॅन्सर बायोलॉजीच्या लेक्चरला ऐकू येतो. हेजहॉगचंही तसंच, आपल्यात त्याची भावंडं आहेत, सोनिक हेजहॉग बिघडलं तर बाळाच्या मेंदूचे दोन भाग नीट वेगळे होत नाहीत, आणि पॅच्ड बिघडल्याने होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरवर याच जनुकांच्या संदेश-साखळीला अडवणारं व्हिस्मोडेगिब नावाचं औषध २०१२ ला अमेरिकेत मंजूर झालं. तेव्हा "चिलटांवर रिसर्च करून काय मिळणार" म्हणणाऱ्या काकांना हे ऐकवा.

नंतर बाई ट्युबिंगेनला परत गेल्या, १९८५ ते २०१४ तिथल्या मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूटच्या डायरेक्टर होत्या, आणि माशी रुळल्यावर तीच पद्धत पाठीचा कणा असलेल्या प्राण्यावर लावायची म्हणून झेब्राफिश धरला. १९९६ च्या डेव्हलपमेंट जर्नलचा अख्खा डिसेंबरचा अंक त्याचा, बोस्टनच्या ड्रीव्हर यांच्या गटाबरोबर. एकट्या ट्युबिंगेनचे सुमारे १,२०० म्युटंट. हा मासा मूळ आपल्याच भागातला, ओढ्या-नाल्यांतला, १८२२ ला हॅमिल्टनने गंगेच्या खोऱ्यातून नोंदवलेला. माश्यांचा कंटाळा आला तर अॅक्वेरियमच्या दुकानातून झेब्रा डॅनिओच्या (दुकानात झेब्राफिशचं हेच नाव) दोन माद्या आणि दोन नर आणा (माद्या पोटाला गोल, नर सडपातळ, जरा पिवळट). टाकीच्या तळाला गोट्यांचा थर द्या नाहीतर घातलेली अंडी ते स्वतःच खातात, रात्री अंधार आणि सकाळी उजेड, उजेड झाल्यावर तासाभरात अंडी पडतात. पारदर्शक असतात, पाणी २८ अंशांच्या आसपास ठेवलं तर २४ तासांत शेपूट हलताना आणि हृदय धडधडताना दिसतं. इथे काहीच मारावं लागत नाही, लहान मुलांना हेच दाखवा.

आणि बाईंचं एक काम कुठल्याच बायोलॉजीच्या नोट्समध्ये नसतं. २००४ ला त्यांनी स्वतःच्या नावाचं फाउंडेशन काढलं, जर्मनीतल्या लहान मुलं असलेल्या तरुण संशोधक बायकांना दरमहा पैसे देणारं, आणि ते पैसे लॅबसाठी नाहीत, घरकामाच्या बाईसाठी, मुलं सांभाळणाऱ्यासाठी. लॅबमधला वेळ नेमका कुठे जातो हे ज्यांना माहितीय त्यांनाच असली योजना सुचते. आपल्याकडच्या फेलोशिपवाल्यांनी ही आयडिया बिनधास्त ढापावी.

पुढे जायचं असेल तर पुण्यात आयसर आणि आघारकर, मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट, तिन्हीकडे माश्यांवर काम करणारे लोक आहेत. ओपन डेला गेलात तर आपल्या हाताने काढलेली चित्रं घेऊन जा आणि खरा म्युटंट बघायला मागा, आधी न सांगता गट ओळखून दाखवायचा प्रयत्न करा.

शेवटचं, बाटल्या धुवायच्या आधी बंद तोंडासकट रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. जिवंत कोश तसेच सिंकमध्ये गेले तर आठवड्याने स्वयंपाकघरात ढग येतो आणि मग पुढच्या प्रयोगाला घरातून केळं मिळत नाही.